खानदेशातील माळ, बरड आणि बांधांवर वन्यजीवांसाठी अधिवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्यांकडे, ग्रामपंचायतींकडे किंवा संस्थांकडे पडीक, मुरमाड अथवा डोंगरउताराची जमीन आहे आणि तेथे हरणे, पक्षी व इतर वन्यजीव पुन्हा यावेत अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. खानदेशाच्या कोरड्या हवामानात या कामाचा क्रम आधी गवत, मग काटेरी झुडपे आणि शेवटी झाडे असा असावा, असे आमचे ठाम मत आहे. हा क्रम उलटा झाला की पैसा आणि श्रम दोन्ही खर्च होतात, पण प्राणी येत नाहीत.

आमच्या भागात कोणकोणते तृणभक्षी प्राणी येण्याची शक्यता आहे?

जमीन सपाट माळावर आहे की डोंगराच्या कुशीत, यावर ते ठरते. तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी यांच्या खोऱ्यांतील उघड्या माळावर आणि विरळ झुडपांत काळवीट, चिंकारा आणि नीलगाय, म्हणजे रोही, हे प्राणी राहू शकतात. सातपुड्याच्या रांगा, तोरणमाळचा परिसर आणि दक्षिणेकडील चाळीसगावालगतचे गौताळ्याचे डोंगर येथे भेकर, चौसिंगा आणि काही ठिकाणी सांबर यांना पोषक असे शुष्क पानगळीचे जंगल आहे.

या प्राण्यांच्या गरजा एकमेकांपेक्षा फार वेगळ्या आहेत. काळवीट लपून नव्हे, तर दुरून धोका ओळखून आणि वेगाने पळून जीव वाचवते, त्यामुळे त्याला उंच झाडी नकोशी असते. चिंकारा दोन-चारच्या लहान गटात राहतो आणि काटेरी झुडपे, घळी व खडकाळ उतार पसंत करतो. चौसिंगा आणि भेकर मात्र आडोशाशिवाय राहत नाहीत, आणि चौसिंग्याला तर पाणीही जवळ लागते. म्हणून “हरणांसाठी काय लावावे” या प्रश्नाआधी आपल्या शिवारापासून चालत येण्याच्या अंतरावर आज कोणता प्राणी आहे, याची चौकशी मेंढपाळांकडे, रात्री पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यांकडे आणि वनरक्षकाकडे करावी.

आजूबाजूला एकही हरीण उरलेले नसेल तर बाहेरून आणून सोडता येईल का?

नाही. वन्य प्राणी पकडणे, बाळगणे, वाहून नेणे आणि खासगीरीत्या कुठेही सोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. अशा जमिनीवर अधिवास सुधारण्याचे काम तरीही व्यर्थ जात नाही, कारण ससा, खोकड, तित्तिर, लावा, चंडोल, घोरपड आणि मुंगूस हे जीव पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच वाढू लागतात. हरणांचे आगमन त्यांच्या जवळच्या कळपांवर आणि मधल्या वाटा मोकळ्या असण्यावर अवलंबून राहते.

बरड जमिनीवर आधी भरपूर झाडे लावली तर जंगल तयार होऊन प्राणी येतील, हे खरे नाही का?

खानदेशाच्या बहुतांश माळांबाबत हे खरे नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने झालेले आहे. मैदानी खानदेशात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि अनेकदा मोठ्या खंडांसह. बेसाल्ट खडकावर वीतभर मुरूम एवढीच माती असलेल्या उतारावर निसर्गतः दाट जंगल वाढत नाही. तेथे गवत वाढते, आणि त्यात अधूनमधून बोर, हिवर, पळस किंवा हिंगणबेट उभे असते. ही जमीन महसूल दप्तरात पोटखराबा किंवा पडीक म्हणून नोंदलेली असली, तरी काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक आणि माळटिटवी यांच्यासाठी तेच खरे घर आहे.

अशा माळावर जेसीबीने सलग समतल चर खणून त्यांच्या भरावावर गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी ओळीने लावली की चार गोष्टी घडतात. खणताना गवताची जुनी, घट्ट मुळे उखडली जातात. उघड्या पडलेल्या मातीत गाजरगवत आणि घाणेरी शिरते. झाडे जगली तर त्यांच्या सावलीत उन्हाची सवय असलेले गवत विरळ होते. शिवाय दूरवर पाहता न आल्याने काळवीट ती जागा सोडून देते. झाडे जगली नाहीत, आणि खडकाळ माळावर ती बऱ्याचदा जगतच नाहीत, तर मागे फक्त चर उरतात.

जेथे माती आधीच वाहून गेली आहे आणि घळी पडल्या आहेत, तेथे ओहोळात लहान दगडी बांध घालणे योग्य ठरते. परंतु गवताची जिवंत गादी असलेल्या जमिनीला शक्यतो यंत्र लावू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मग झाडे लावूच नयेत का?

लावावीत, पण पाण्याच्या वाटेने आणि डोंगराच्या कुशीत. नाल्याकाठी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, शिंदी आणि निर्गुडी लावल्यास फळे, सावली आणि प्राण्यांना ये-जा करण्यासाठी आडवाट तयार होते. सातपुड्याच्या पायथ्याशी अंजन, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बेल, आवळा आणि खैर ही झाडे जमिनीला मानवतात. यांपैकी अंजनाचे महत्त्व खानदेशात विशेष आहे. त्याचे मूळ खडकाच्या फटींतून खोल उतरते आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे आखाजीच्या सुमारास, जेव्हा बाकी सारे रान करपलेले असते तेव्हा त्याला कोवळी पालवी असते. गुराखी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात आणि म्हणूनच अंजनाच्या फांद्या वारेमाप छाटल्या जातात. रोपे लावण्याइतकेच आहेत त्या अंजनांची छाटणी थांबवणे मोलाचे आहे.

वाळलेली, पोकळ झालेली झाडे सरपणासाठी तोडू नयेत. वनपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणालाच आढळला नव्हता आणि तो नामशेष झाला असेच समजले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. झाडांच्या ढोलीत घरटे करणाऱ्या या पक्ष्याचे भवितव्य अशाच जुन्या खोडांवर अवलंबून आहे.

गवतांच्या कोणत्या जाती निवडाव्यात आणि बी कसे मिळवावे?

हलक्या, मुरमाड उतारासाठी पवन्या आणि डोंगरी ही गवते, रेताड व कोरड्या जागेसाठी अंजन गवत आणि काळसर, थोड्या भारी जमिनीसाठी मारवेल ही निवड साधारणपणे योग्य ठरते. कुसळी आपोआप येते. ती कोवळी असताना जनावरे आवडीने खातात, परंतु पिकल्यावर तिची टोकदार कुसळे तोंडाला व अंगाला टोचतात, म्हणून ती मुद्दाम पेरू नये आणि आली तरी घाबरू नये. एकेकाळी खानदेशातून ज्याच्या तेलाचा मोठा व्यापार चाले ते रोशा गवत डोंगरउतारावर आजही दिसते. त्याच्या उग्र वासामुळे प्राणी ते फारसे खात नाहीत, पण त्याच्या ठोंबांत ससे आणि तित्तिर लपतात.

बी विकत घेण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातील एखाद्या राखलेल्या कुरणातून किंवा रेल्वेच्या व रस्त्याच्या कडेच्या, गुरे न पोहोचलेल्या पट्ट्यातून गोळा केलेले बी अधिक भरवशाचे असते, कारण ते इथल्या पावसाला सरावलेले असते. बहुतेक गवतांचे बी दसऱ्यानंतर दिवाळीपर्यंत पक्व होते. वनविभागाच्या जमिनीवरून ते घेताना परवानगी घ्यावी. ताजे बी लगेच नीट उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. म्हणून ते सावलीत वाळवून, गोणपाटाच्या पोत्यात कोरड्या जागी ठेवावे आणि पुढील जूनमध्ये पेरावे.

पेरणी कशी करावी?

हेक्टरी साधारण ४ ते ६ किलो बी पुरते. गवताचे बी अतिशय हलके असल्याने ते वाऱ्याने उडते आणि मुंग्या वाहून नेतात. यासाठी बी, चाळलेली माती, शेणखत आणि थोडी रेती ओलसर कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात आणि सावलीत सुकवाव्यात. पहिला दमदार पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर कुळवाने किंवा हाताने जमीन केवळ ओरखडून या गोळ्या पसराव्यात. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर बहुधा उगवत नाही. नांगरणी करू नये. आधीपासून असलेले चांगले ठोंब जपावेत आणि रिकाम्या जागीच पेरावे. पाऊस उघडला आणि रोपे करपली तर जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा विरळ पेरणी करता यावी, म्हणून एक चतुर्थांश बी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

चराई किती काळ बंद ठेवावी? आणि मेंढपाळांचे काय?

पहिले दोन पावसाळे गुरे, शेळ्या आणि मेंढ्या आत जाऊ देऊ नयेत. त्यानंतर कायमची चराईबंदी आवश्यक नाही, किंबहुना ती हिताचीही नाही. गवत वर्षानुवर्षे न कापता व न चरता राहिले तर जुनी वाळलेली पाती साचून नवे फुटवे दबतात आणि वणव्याला इंधन मिळते. बी गळून पडल्यावर, म्हणजे नोव्हेंबरनंतर, कापणी करावी आणि ती करतानाही दरवर्षी सुमारे एक तृतीयांश भाग पट्ट्यापट्ट्यांनी उभा ठेवावा. या उभ्या पट्ट्यांत पाडसे, ससे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी आसरा घेतात.

धुळे आणि नंदुरबारकडील ठेलारी समाजाचे कळप पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक वाटांनी फिरत आले आहेत. त्यांना शत्रू मानून कुंपण घालणाऱ्या गावांत कुरणे टिकत नाहीत, कारण चराई चोरून होते आणि मग तिच्यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. कोणत्या महिन्यात कोणता भाग खुला राहील हे त्यांच्या वडीलधाऱ्यांशी बसून आधी ठरवले तर राखणही आपोआप होते. लांडगा कुठे पिलांसह आहे आणि चिंकारा कुठल्या घळीत बसतो, याची त्यांच्याइतकी पक्की माहिती अन्य कोणाकडे नसते.

झुडपांमध्ये कशाला प्राधान्य द्यावे?

बोरीला. रानबोरीची जाळी थंडीत फळे देते, तिची गळलेली पाने व फळे चिंकारा, काळवीट आणि खोकड खातात, आणि तिच्या काट्यांत लहान पक्ष्यांची घरटी सुरक्षित राहतात. तिच्या जोडीला हिवर, देवबाभूळ, नेपती, हेकळ आणि तरवड घ्यावेत. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात गळतात आणि त्या काळात नीलगाय व काळवीट त्यांवर बरेच अवलंबून असतात. माळावर झुडपे सलग न लावता दहा-पंधरांच्या बेटांनी, मध्ये मोकळे गवत ठेवून लावावीत. रोपांपेक्षा जागेवरच बिया टोकणे बरे, कारण बोरी-बाभळीचे सोटमूळ पिशवीत वळते आणि मग ते रोप कोरड्या वर्षात तग धरत नाही. बाभळीच्या बिया टोकण्याआधी गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवाव्यात. शेळ्यांच्या लेंड्यांतून मिळालेल्या बिया तर थेट उगवतात.

वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत यांचे काय करावे?

ती काढावीत, पण एकदम नव्हे. आज अनेक ओढ्यांकाठी वेडी बाभूळ हाच रानडुकरांचा, सशांचा आणि खोकडांचा एकमेव आडोसा उरला आहे. तो एका उन्हाळ्यात साफ केला तर प्राणी उघड्यावर येतात आणि सरळ पिकांत शिरतात. दरवर्षी एक तुकडा साफ करावा, तेथे बोर-हिवर आणि गवत रुजले की पुढचा घ्यावा.

वेडी बाभूळ वरून तोडली की अनेक फुटव्यांनी परत येते. तिचे खोड जमिनीखालील मुळाच्या सांध्यापासून खणून काढावे लागते. घाणेरीचेही तसेच आहे, आणि ती फळे काळी होण्यापूर्वी, पावसाळ्यात जमीन मऊ असताना काढणे सोपे जाते. गाजरगवत फुलोऱ्याआधी हातमोजे घालून उपटावे. वेडी बाभळीच्या शेंगा नीलगाय खाते आणि बिया लेंड्यांतून दूर पसरवते, त्यामुळे साफ केलेल्या जागी पुढील तीन-चार वर्षे नवी रोपे उपटत राहणे अपरिहार्य आहे.

पाणवठा कसा आणि कोठे असावा?

चिंकाऱ्याची बरीचशी गरज पाल्यातील ओलाव्यावर भागते. काळवीट, चितळ, सांबर आणि पक्षी यांना मात्र मार्च ते जून या काळात पाणी लागतेच. उथळ, खरबरीत काठाची आणि सर्व बाजूंनी हळूहळू उतरती सिमेंटची बशी ही सर्वांत सुरक्षित रचना आहे. तिच्यात बुडून मरण्याची भीती नसते आणि मधमाश्यांपासून नीलगायीपर्यंत सगळ्यांना पाणी पिता येते. दर आठवड्याला ती घासून स्वच्छ करावी.

जागा निवडताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पाणवठा पिकांपासून शक्य तितका दूर, डोंगराच्या अंगाला असावा, अन्यथा आपणच प्राण्यांना शेताची वाट दाखवतो. तो महामार्गापलीकडे नसावा. सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन्ही मोठे मार्ग खानदेशातून जातात आणि रात्री रस्ता ओलांडणारे प्राणी वाहनांखाली मरतात. शिवाय त्याच्याभोवती दाट झुडूप नको, कारण शिकारी तेथेच दबा धरतो. एकदा पाणी सुरू केले की भर उन्हाळ्यात ते बंद करू नये. टँकरची किंवा सौरपंपाची खात्री नसेल तर सुरुवातच न केलेली बरी.

शेततळे आणि विहिरींमुळे प्राण्यांना धोका होतो का?

फार मोठा धोका होतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो, आत पडलेला प्राणी कितीही धडपडला तरी वर येऊ शकत नाही. शेततळ्याला कुंपण घालावे आणि शिवाय आत एका-दोन बाजूंनी काथ्याची जाळी किंवा दोराने बांधलेले जुने टायर काठापर्यंत सोडून ठेवावेत. विहिरीला निदान तीन-चार फूट उंचीचा कठडा बांधावा. प्राणी पडलेला दिसल्यास स्वतः उतरू नये, गर्दी जमू देऊ नये आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मिठाचे ढेकूळ, धान्य किंवा कापलेला चारा ठेवल्याने हरणे लवकर येतील का?

येतील, पण असे करू नये. एकाच जागी ठेवलेले मीठ गुरे, शेळ्या आणि वन्य प्राणी सगळेच चाटतात आणि त्यातून लाळ्या-खुरकुतासारखे रोग पाळीव जनावरांकडून रानात जातात. ठरावीक वेळी, ठरावीक जागी येणारा प्राणी शिकाऱ्यालाही सहज सापडतो.

हरणांसाठी खास मका, ज्वारी किंवा लसूणघास पेरला तर ते बाकी पिके सोडून देतील का?

परदेशांत, विशेषतः जेथे परवान्याने हरणांची शिकार चालते तेथे, असे चाऱ्याचे तुकडे पेरण्याची पद्धत रूढ आहे. भारतात शिकारीला बंदी आहे आणि आपल्याकडे एकेका शेतकऱ्याची जमीन दोन-चार एकरांची असते, त्यामुळे ती पद्धत इथे शेजाऱ्याच्या मुळावर येते. कोवळ्या मक्याची चव लागलेली रोही तुमचा तुकडा संपवून शेजारच्या हरभऱ्यात शिरतात. राखीव भाग गवताचाच ठेवावा. पिकांएवढे रुचकर नसले तरी वर्षभर पोट भरेल असे खाद्य पुरवणे हाच त्याचा उद्देश आहे.

पण अधिवास सुधारल्याने पिकांचे नुकसान वाढणार नाही का?

हा प्रश्न टाळून हे काम करता येत नाही, आणि जो तो टाळतो त्याच्यावर गावाने विश्वास ठेवू नये. रोही आणि रानडुकरांनी कपाशी, मका, हरभरा, तूर आणि भुईमूग यांचे जे नुकसान होते ते ज्याने रात्री जागून राखण केली आहे त्यालाच ठाऊक असते. चांगले गवत असलेल्या भागात प्राण्यांचा मुक्काम तेथे वाढतो, हे खरे. परंतु पिके उभी असताना आणि मोकळे रान उजाड असताना ते शेतात येणारच. गावाने एकत्र ठरवल्याशिवाय एकट्या शेतकऱ्याने भर शेतीच्या मधोमध असा तुकडा राखू नये. गायरान, वनहद्द आणि नाल्याकाठ यांना लागून असलेला, सलग असा पट्टाच निवडावा.

राखीव पट्टा आणि पीक यांच्यामध्ये प्राण्यांना फारसे न आवडणारे पीक, उदाहरणार्थ करडई, घेतल्यास काही प्रमाणात अटकाव होतो. तिचे काटे वाढल्यावर जनावरे त्यातून जाणे टाळतात. सौर कुंपण, म्हणजे झटका मशीन, योग्य क्षमतेचे आणि तारेखालचे गवत नियमित कापलेले असेल तर उपयोगी पडते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना त्यासाठी अर्थसाहाय्य मिळते, चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. मात्र कुंपणात घरगुती किंवा कृषिपंपाच्या वाहिनीवरील वीजप्रवाह सोडणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यात माणसेही दगावतात.

नुकसान झाल्यास त्याच दिवशी, फार तर तीन दिवसांत, वनविभागाकडे लेखी अर्ज करावा, पिकाची आणि पायांच्या ठशांची छायाचित्रे काढावीत आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. तुकडा राखणाऱ्या संस्थेने शेजारच्या शेतकऱ्यांचे हे अर्ज स्वतः भरून द्यावेत, असे आमचे म्हणणे आहे.

हरणे आली की बिबट्याही येईल, ही भीती खरी आहे का?

अंशतः खरी आहे. मात्र बिबट्या हरणांवाचूनही येतो. यावल–रावेर पट्ट्यातील केळीच्या बागांत त्याला गारवा, पाणी आणि दाट आडोसा वर्षभर मिळतो, आणि कुत्री, डुकरे व वासरे हे त्याचे खाद्य गावातच असते. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा–डोलारखेडा भागात तर वाघांचाही वावर आहे. राखीव पट्टा वस्तीपासून दूर ठेवावा, घर आणि पट्टा यांच्यामध्ये झुडपे नसलेली मोकळी जागा असावी, गुरे रात्री बंदिस्त गोठ्यात बांधावीत आणि मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नयेत.

गवत जाळून टाकले तर नवे चांगले फुटते असे जुने लोक सांगतात. जाळावे का?

नाही. जळाल्यानंतर हिरवे फुटवे दिसतात हे खरे, पण वर्षानुवर्षे जाळल्याने चांगल्या गवतांची जागा कुसळी घेते, रोपे मरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरील अंडी, पिले व सरडे जळून जातात. बरेच वणवे मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवल्याने लागतात. त्याऐवजी झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुले स्वच्छ मिळतात आणि त्यांना भावही बरा येतो. जानेवारी संपण्यापूर्वी पट्ट्याभोवती १५ ते २० फूट रुंदीची जाळरेषा गवत खरडून तयार करावी.

मोकाट कुत्र्यांचा एवढा बाऊ का केला जातो?

कारण माळावरील काळवीट आणि चिंकारा यांच्या पाडसांचा आज तो मोठा शत्रू आहे. कुत्र्यांची टोळी पाठलाग करून मोठे जनावरही दमवते. गावातील कचरा आणि कोंबड्यांचे अवशेष उघड्यावर न टाकणे, आणि निर्बीजीकरण व लसीकरणासाठी ग्रामपंचायतीने पशुसंवर्धन विभागाकडे पाठपुरावा करणे, हे रोपे लावण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

गवतात एकटे पाडस सापडले तर घरी आणावे का?

कधीही नाही. मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. ते निपचित पडून राहते, कारण हालचाल न करणे हेच त्याचे संरक्षण असते. त्याला हात न लावता, कुत्रे व माणसे दूर ठेवून तेथून निघून जावे. जखमी असल्यासच वनविभागाला कळवावे. ते घरी पाळणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय माणसाच्या सवयीचे हरीण पुन्हा रानात जगत नाही.

माझ्याकडे फक्त दीड एकर वावर आहे. मी काही करू शकतो का?

बांध रुंद ठेवा, तणनाशक मारू नका, आहे ती बोर आणि बाभूळ राहू द्या. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी नाल्याकडेच्या बांधांवर हेच केले तर माळ आणि नाला यांना जोडणारी एक वाट तयार होते. तिचा वापर ससे, मुंगूस, तित्तिर आणि खोकड लगेच करू लागतात.

गायरानावर किंवा वनजमिनीवर हे काम करण्यासाठी कोणाची परवानगी लागते?

गायरानासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्यामार्फत काम केल्यास लोकजैवविविधता नोंदवहीत त्याची अधिकृत नोंद राहते. वनजमिनीवर वनविभागाच्या संमतीशिवाय साधा पाणवठाही करू नये. जेथे वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, तेथे ग्रामसभा स्वतः संवर्धनाचा आराखडा करू शकते. गाव तयार असेल तर खासगी व सामूहिक जमिनीला वन्यजीव कायद्याखाली सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मागता येतो.

साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार आणि ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे नियम स्वतः करून शेकडो एकर जंगल पुन्हा उभे केले. त्या कामासाठी पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खानदेशातील कोणत्याही ग्रामसभेने ठराव करण्यापूर्वी तेथे एक दिवस जाऊन यावे.

परिणाम दिसायला किती काळ लागतो आणि नोंद कशी ठेवावी?

गवत दोन पावसाळ्यांत स्थिरावते, झुडपांची बेटे आडोसा देऊ लागायला पाच-सहा वर्षे लागतात आणि अंजनासारख्या झाडाला त्याहून पुष्कळ अधिक. दरम्यान काय बदलते आहे हे कळण्यासाठी चार-पाच ठिकाणी खुणेचे दगड रोवून दर नोव्हेंबर आणि दर मे महिन्यात त्याच जागेवरून, त्याच दिशेने छायाचित्र काढावे. नीलगाय, चिंकारा आणि काळवीट हे प्राणी एकाच जागी वारंवार लेंड्या टाकतात, असे ढीग शोधून ते ताजे आहेत की जुने याची महिन्यातून एकदा नोंद करावी. पाणवठ्याभोवती हातभर रुंदीचा मातीचा पट्टा संध्याकाळी सपाट करून ठेवला तर सकाळी ठसे स्पष्ट उमटलेले मिळतात. कोणता प्राणी, किती ठसे, पाडसाचे लहान ठसे आहेत का, आणि सोबत कुत्र्याचे ठसे आहेत का, एवढे चार रकाने वहीत पुरेसे आहेत. हरणाच्या मुक्कामाची नेमकी जागा आणि छायाचित्र मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण ती माहिती शिकाऱ्यांपर्यंतही पोहोचते.